तीन मिनिटांच्या आक्का

आक्कांनी मला खोली दिली ती माझं तोंड न बघता. राजारामपुरीतल्या त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत मी शिरले तेव्हा त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या, आणि मी "नमस्कार, वरच्या खोलीचं विचारायला आलेय" म्हटल्यावरही वळल्या नाहीत. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "परत म्हण."

मी परत म्हटलं.

"आता फाटकाजवळ जा, आनि तिथनं म्हण. वरडायचं न्हाय."

मी फाटकाजवळ जाऊन, रस्त्याकडे पाठ करून, घराला उद्देशून खोलीचं विचारलं. रस्त्यावरचा एक रिक्षावाला थांबला आणि "कुठं जायचंय?" म्हणाला. आतून आवाज आला, "स्वच्छ हाय. सामान कवा आणतीस?"

माझ्या आधी आलेल्या दोन मुलींना म्हणे त्यांनी परत पाठवलं होतं. एकीचा आवाज घोगरा होता आणि दुसरी वाक्याचं शेपूट गिळायची. आई-वडील काय करतात, गाव कुठलं, किती दिवस राहणार, यातलं काहीही त्यांनी मला विचारलं नाही. आवाज स्वच्छ असला की माणूस स्वच्छ असतो, असं त्यांचं मत होतं. ते चुकीचं आहे हे मी आज अनुभवानं सांगू शकते, पण तेव्हा मला खोली हवी होती म्हणून मी गप्प बसले.

खोली हवी होती कारण मला इंटर्नशिप मिळाली होती. मी कोल्हापुरात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची परीक्षा देऊन हॉस्टेल सोडलं होतं, आणि जिचं नाव घेतलं की आमच्या गावात म्हशीसुद्धा मान वर करून बघतील, अशा एका अगडबंब कंपनीनं मला तीन महिन्यांसाठी घेतलं होतं. काम घरूनच करायचं होतं. पण आमचं घर मुरगूडच्या पलीकडं, आणि तिथं मोबाइलला रेंज येते ती गोठ्यातल्या एका कोनाड्यात. फोन त्या कोनाड्यात मावतो, लॅपटॉप मावत नाही. पहिल्या दिवशी मी गोठ्यात खुर्ची टाकून मीटिंगला बसले तर बेंगळुरूच्या मॅनेजरबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "तुझ्या मागं उभे आहेत ते कोण?" मागं आमची थोरली म्हैस उभी होती. दुसऱ्या दिवशी मी राजारामपुरीत खोल्या बघत हिंडत होते.

निघताना आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकच अट घातली. कंपनीनं तीन महिन्यांनंतर पक्की नोकरी दिली तर नोकरी. नाही दिली तर पेठ वडगावचं स्थळ. मुलाचं पाइप आणि मोटारींचं दुकान होतं, स्वभावानं म्हणे गरीब होता, आणि फोटोत तो एका सबमर्सिबल पंपावर हात ठेवून उभा होता. मुलाबद्दल माझी काही तक्रार नव्हती. मला नोकरी हवी होती, इतकंच.

तर आक्का. त्या जन्मभर टेलिफोन खात्यात ट्रंकच्या बोर्डावर होत्या. आजच्या पोरांना हे समजावून सांगावं लागतं. पूर्वी परगावी फोन करायचा तर नंबर फिरवून लागत नसे. ऑपरेटरला सांगून कॉल बुक करायचा, मग तासाभरानं किंवा चार तासांनी ती हातानं दोरी जोडून तुमची गाठ घालून देणार, आणि तीन मिनिटं झाली की मध्येच तिचा आवाज येणार, "थ्री मिनिट्स ओव्हर. वाढवू का?" पुढं ते बोर्ड गेले, आक्का तक्रारींच्या टेबलावर गेल्या, मग निवृत्त झाल्या. पण आक्कांच्या आतला बोर्ड काही कुणी काढून नेला नव्हता.

कुणीही घरी आलं तरी त्यांच्या हिशेबानं तो कॉलच होता. भाजीवाली असो, लग्नाची पत्रिका घेऊन आलेले पाहुणे असोत, नाहीतर बस्तीतून, म्हणजे जैन मंदिरातून, निरोप घेऊन आलेले कुणी. बरोबर तीन मिनिटांनी आक्का म्हणायच्या, "तीन मिन्टं झाली. वाढवू का?" माणसं गांगरायची. काय उत्तर द्यायचं हे न सुचून बहुतेक जण चपला शोधायला लागायचे. ज्याला "वाढवा" म्हणायचं सुचलं त्याला चहा मिळायचा. शेजारच्या डॉक्टरीणबाईंना हे गुपित कळलं होतं, त्यामुळं त्या दारातूनच "वाढवा" म्हणत शिरत.

यासाठी त्या घड्याळ बघत नसत. तीन मिनिटं त्यांच्या अंगातच होती. मी मोबाइलवर मोजून बघितलं. आक्का पेपर वाचताहेत, मी गुपचूप बटण दाबलंय, आणि त्या पान न हलवता म्हणताहेत, "झाली." तीन मिनिटं शून्य सेकंद. दुसऱ्यांदा तीन मिनिटं एक सेकंद. एकदा दोन मिनिटं अठ्ठावन्न आली, तर त्यांनी मला मोबाइल दुरुस्तीला टाकायला सांगितला.

आक्कांना दोन आवाज होते. एक घरातला, तो थेट शिरोळच्या मळ्यातला. "ए पोरी, वर दिवा कशाला जाळालीस गं, सूर्य मेलाय व्हय?" अशा पट्टीतला. आणि एक फोनवरचा. काळ्या रंगाचा लँडलाइन त्यांनी कानाला लावला की त्याच तोंडातून, खडीसाखर विरघळावी तसा, "नमस्कार, कोल्हापूर" असा आवाज यायचा आणि मी प्रत्येक वेळी मागं वळून बघायचे, खोलीत दुसरं कोण आलं म्हणून. गॅसच्या एजन्सीत त्या आवाजाचा एवढा दरारा होता की आक्कांचा सिलिंडर नंबर लावायच्या आधी यायचा. फोन ठेवला की लगेच, "मेला, किती वेळ लावतोय!"

त्यांनी लग्न केलं नव्हतं. एकदा मी धीर करून कारण विचारलं. म्हणाल्या, "बोर्डावर बसून दुसऱ्यांची लग्नं जमताना आइकली की. पोरीचा रंग, पोरीची उंची, पोरीला सैपाक येतोय का. तासन् तास. पोरीचा आवाज एकदाबी आइकला न्हाय बघ कुठल्या लाइनीवर." मग त्यांना वाटलं असावं की फार बोललं गेलं, कारण त्या लगेच उठून तुळशीला पाणी घालायला गेल्या. कंपनीनं मला लॅपटॉपबरोबर कंपनीचं नाव कोरलेली एक झकास स्टीलची बाटली पाठवली होती. ती पहिल्याच आठवड्यात तुळशीची झाली होती.

ऑपरेटर म्हणून त्यांनी गावाचं काय काय ऐकलं असेल याचा नुसता विचार केला तरी छाती दडपते. कुणाचा व्यापार बुडाला, कुणाची सोयरीक मोडली, कोण कुणाला पुण्याहून गुपचूप फोन करत होतं. गल्लीतल्या बायका वर्षानुवर्षं त्यांना घोळात घ्यायला बघत होत्या. आक्का हातभर अंतरावर बसून म्हणायच्या, "लाइन खराब हाय, आइकू यीना." मी आल्यावर बायकांनी मोर्चा माझ्याकडं वळवला, ही पोरगी वर दार लावून इंग्रजीत काय बडबडते म्हणून. त्याही वेळी आक्कांची लाइन खराब होती.

खरं तर मीही त्यांना सांगू शकत नव्हते. कंपनीनं माझ्याकडून गुप्ततेच्या करारावर सही घेतली होती. मी हे जरा ताठ्यातच आक्कांना सांगितलं. त्यांना आनंदच झाला. "शाण्या लोकांची कंपनी हाय. मला कायबी सांगू नगंस. मी आइकती तेवडं बास." आणि त्या रोज माझ्या मीटिंगच्या वेळी जिन्याच्या वरच्या पायरीवर तांदूळ निवडायला बसू लागल्या. तेवढे तांदूळ त्या घरात लागतच नव्हते. निवडलेलेच तांदूळ त्या पुन्हा निवडत.

इथंच तो प्रसंग घडला, ज्यामुळं मी कंपनीत प्रसिद्ध झाले. आमच्या टीममध्ये गुडगावचा एक सीनियर होता. सकाळची मीटिंग पंधरा मिनिटांची, कुणी काय केलं ते थोडक्यात सांगायचं. पण हा गडी एकदा सुरू झाला की मॅनेजरबाईसुद्धा हतबल होऊन आपला कॅमेरा बंद करायच्या. त्या दिवशी त्यानं असंच दळण घातलेलं, आणि माझा माइक चुकून चालू राहिलेला. दार उघडून आक्का आत आल्या, हातात तांदळाचं सूप, आणि फोनवरच्या आवाजात, खणखणीत इंग्रजीत म्हणाल्या, "थ्री मिनिट्स ओव्हर. डू यू वॉन्ट टू एक्स्टेंड?"

मी खुर्चीतल्या खुर्चीत मेले. मग गुडगावहून अगदी शाळकरी पोरासारखा आवाज आला, "नो, मॅडम."

मॅनेजरबाई इतक्या हसल्या की त्यांना पाणी प्यावं लागलं. त्यानंतर मीटिंग वेळेत संपू लागली. माझं नाव कुणाच्या लक्षात राहत नव्हतं, पण "ती कोल्हापूरची, जिच्या घरी मॅडम आहेत" असं म्हटलं की सगळे ओळखायचे.

आता माझं काम काय होतं ते सांगते. करार आता संपलाय, आणि आक्कांनी तर ते सगळं जिन्यावर बसून ऐकलंच होतं. कंपनीचं फोनवर बोलायचं एक ॲप होतं. बरेच लोक बोलून झालं की फोन ठेवायला विसरतात, लाइन तशीच चालू राहते, आणि कंपनीची यंत्रं उगीच गुंतून पडतात. असे मेलेले कॉल ओळखून आपोआप तोडायचे, हा माझा प्रोजेक्ट. मी हुशारीनं सोपा नियम बसवला. चाळीस सेकंद दोन्हीकडून कुणी शब्द बोललं नाही तर कॉल मेला. तोडा.

मॅनेजरबाईंना आवडलं. आठवडाभर आपापल्या घरच्या लोकांबरोबर वापरून बघा, असं सगळ्या टीमला सांगितलं गेलं. मी रविवारी गावी जाऊन आबांच्या फोनवर ॲप टाकलं आणि रोजचा फोन त्यावरूनच करायला सांगितलं. आठवड्याच्या शेवटी यादी आली आणि माझ्या नियमानं मेलेले कॉल असे काही पकडले होते की बस्स. शेवटच्या सादरीकरणाला लंडनचे मोठे साहेब येणार होते आणि पक्क्या नोकरीचं त्यावरच ठरणार होतं. मॅनेजरबाई म्हणाल्या, आकडे असेच राहिले तर काळजी करू नकोस. मी दोन दिवस जमिनीवरून चालत नव्हते.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी आबा दारात उभे. हातात दुधाची किटली, डोक्याला टोपी, पायात शहरात यायच्या ठेवणीतल्या चपला. न सांगता ते कधी येत नाहीत. मी "आबा!" म्हणून जिना उतरले, तर त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही. किटली आक्कांसमोर ठेवली आणि आक्कांशीच बोलायला लागले.

"रविवारी वडगावच्या पावण्यांस्नी बोलावलंय. पोरीला शनवारी लावून द्या."

"पावणं, बसा की आदी," आक्का म्हणाल्या. "झालं काय?"

"कुठं काय झालंय? पोरीला आमच्यासंगं बोलायला येळ न्हाय. आसूं दे. मोट्या कंपनीत हाय. पर फोन उचलायचा आनि चाळीस मोजूस्तवर तोडायचा, ह्ये काय बरं न्हवं. मी मोजलंय. चाळीस म्हंजे चाळीस. रोज. सकाळ-संध्याकाळ."

इथं आमच्या आबांच्या फोनबद्दल सांगायला हवं. ते रोज दोन्ही धारांच्या वेळी मला फोन करतात आणि बोलत नाहीत. "जेवलीस?" विचारतात, मी "हं" म्हणते, मग ते फोन कोनाड्यात ठेवून धार काढायला बसतात. पंधरा-वीस मिनिटं फोन चालू. मी इकडं माझं काम करत असते. धार संपली की "बरं, ठेवतो" म्हणतात. मी शहरात शिकायला आल्यापासून आमचं हे असंच चाललंय. त्या आठवड्यात फोन सारखा तुटायचा तेव्हा मला वाटलं रेंज गेली, गावी ती जातेच. आबांना वाटलं मी तोडते.

मी धावत वर गेले, लॅपटॉप उघडला आणि माझी ती झकास यादी काढली. ज्या यादीसाठी माझी पाठ थोपटली होती तिच्यात आबांचा नंबर होता. पुन्हा होता. परत होता. एका आठवड्यात मी माझ्या बापाला चौदा वेळा मेलेला ठरवलं होतं. मला रडू फुटलं. खाली येऊन मी कसंबसं सांगितलं की मी नाही तोडला, मी लिहिलेल्या प्रोग्रॅमनं तोडला. हे स्पष्टीकरण देताना मला स्वतःलाच ते फार बरं वाटेना.

आबा किटलीचं झाकण घट्ट करत राहिले. आक्का बोलल्या.

"पावणं, धार काढताना फोन कुठं ठेवता?"

"कोनाड्यात."

"मग पोरी, तुला काय आइकू येतंय?"

"धारेचा आवाज," मी म्हणाले. "बादलीत पडतीय तो. पहिल्यांदा मोठा येतो, मग बादली भरत आली की मऊ येतो."

"मग ती लाइन मेली व्हय गं?" आक्का एकदम घरातल्या आवाजात कडाडल्या. "मेलेल्या लाइनीत काय नसतं. काय म्हंजे काय! गप्प मान्साच्या लाइनीत किती आवाज आस्त्यात. श्वास आस्तोय, पंखा आस्तोय, भांडं आस्तंय. एवडी इंजिनेर झालीस, तुला मेलेलं आनि गप्प बसलेलं यातला फरक कळंना?"

मग त्यांनी भिंतीकडं बोट केलं. पुढच्या खोलीत भगवानांच्या फोटोशेजारी एक टाइप केलेला इंग्रजी कागद फ्रेम करून लावलेला होता, त्याला रोज ताजं फूल. खाली शिक्का, सही. येणारा-जाणारा त्याला सन्मानपत्र समजून आक्कांचं अभिनंदन करायचा. मीही पहिल्या दिवशी केलं होतं. त्या दिवशी मी तो पहिल्यांदा वाचला. तो मेमो होता. ऑपरेटरनं ट्रंक लाइन एकोणीस मिनिटं संभाषणाविना अडवून ठेवली, याचा खुलासा लेखी द्यावा.

"एक फौजी हुता," आक्का म्हणाल्या. "सरहद्दीवरनं बायकोला कॉल लावलेला. ती बाई खेड्यातनं चालत पोस्टात येऊन बसल्याली, सकाळधरनं. दुपारी जोडून दिला. त्यो हॅलो म्हणाला, ती हॅलो म्हणाली, आनि संपलं. दोगंबी गप्प. तीन मिन्टं झाली. मी इचारलं, वाढवू का? कोन बोलंना. परत इचारलं, बोलताय का? न्हाय. नियम आसा की जबाब न्हाय आला तर दोरी काढायची. पर मला तिच्या बांगड्या आइकू येत हुत्या की. पदरानं डोळं पुसत आसंल. कशी काढू? न्हाय काढली."

"मग?" आबांनी विचारलं. ते आता बसले होते.

"मग काय, मेमो! पन मेल्या सायबानं नोकरीभर बरूबर वागल्याचा कागद कवा दिला न्हाय. ह्यो एवडा एकच कागद मिळाला. म्हणून ह्योच लावला."

आबा हसले. दोन आठवड्यांत मी त्यांना हसताना ऐकलं नव्हतं. इतक्यात आक्का म्हणाल्या, "तीन मिन्टं झाली पावणं. वाढवू का?" आणि आमच्या आबांनी, कुणीही न शिकवता, "वाढवा की" म्हटलं. चहा झाला. वडगावच्या पाहुण्यांना निकालापर्यंत थांबवायचं ठरलं. पण अट होती ती तशीच राहिली.

मॅनेजरबाईंना मी सगळं सांगितलं. म्हशी, कोनाडा, सगळं. मी नियम बदलते, असं म्हणाले. नुसते शब्द नाही मोजायचे, लाइनीवर कसलीही जिवंत चाहूल असली तरी तोडायचं नाही. चाहूल नसेल तर आधी दोनदा विचारायचं, मग तोडायचं. त्यांनी माझी यादी परत उघडून बघितली. मग म्हणाल्या, "असं केलंस तर निम्मे कॉल सुटतील. पाच दिवस राहिलेत. मोठे साहेब आकडे बघतात, म्हशी बघत नाहीत." मी म्हणाले, मला कळतंय. खरं सांगायचं तर त्या पाच दिवसांत रोज संध्याकाळी मला तो पंपावर हात ठेवलेला मुलगा दिसायचा.

दोनदा विचारायचं तर आवाज पाहिजे. तो कुणाचा, हे सांगायला नकोच. आक्का आंघोळ करून, ठेवणीतलं पातळ नेसून माझ्या मोबाइलसमोर बसल्या. आवाजच घ्यायचाय, असं मी सांगितल्यावर म्हणाल्या, "पातळाचा आवाजात फरक पडतोय." इंग्रजीत एकदा, मराठीत एकदा. मराठी कंपनीला नको होतं, पण त्यांनी ते म्हटलंच.

सादरीकरण संध्याकाळी सहाला होतं. आक्कांच्या घरी सूर्य मावळायच्या आत जेवण, म्हणजे जेवण. लंडनचे साहेब असोत नाहीतर आणखी कुणी, सूर्य थांबत नाही. पावणेसातला कॅमेऱ्याच्या खालून एक ताट सरकत माझ्या मांडीवर आलं. मी वरच्या अंगानं इंग्रजीत बोलत होते आणि खालच्या अंगानं भाकरीचा तुकडा मोडत होते.

आकड्यांचं पान आलं. मी सांगून टाकलं. आधीच्या नियमानं इतके कॉल तुटत होते, माझ्या नव्या नियमानं त्याच्या निम्मेसुद्धा तुटत नाहीत, आणि हेच बरोबर आहे असं मला वाटतं, कारण आधीच्या यादीत चौदा वेळा माझे वडील होते. लंडनच्या साहेबांनी चष्मा काढला. काही बोलेनात. मॅनेजरबाई बोलेनात. गुडगाव बोलेना. शिस्त म्हणून बाकी सगळ्यांचे माइक बंद होते, घास घ्यायला मीही माझा बंद केला होता, आणि साहेबांचंही ऑफिस कसं, तिथं माशीसुद्धा भुणभुणत नसावी. माझा घास तोंडातच होता. आणि मीटिंग आमच्या त्याच ॲपवर, माझाच नियम लावून चालली होती.

त्या थंडगार शांततेत, लंडनपासून बेंगळुरूपर्यंत सगळ्यांच्या कानात एकाच वेळी, खडीसाखरेसारखा आवाज आला, "हॅलो. आर यू देअर?"

साहेब दचकले. मागं वळून बघितलं त्यांनी, मी बघायचे तसंच. मग अगदी नम्रपणे म्हणाले, "येस, येस. आय ॲम थिंकिंग."

जिन्यावरून खऱ्या आक्कांचा आवाज आला, "करू दे इच्यार. घाई न्हाय."

हे कुणाला ऐकू गेलं नाही, गेलं असतं तरी कळलं नसतं. साहेब मोठ्यानं हसले आणि मग बाकीच्यांनाही हसायची परवानगी मिळाली. निकाल तीन आठवड्यांनी कळवू म्हणाले. हसणं आणि नोकरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मॅनेजरबाईंनी मला नंतर हळूच सांगितलं.

खोली सोडताना आक्का फाटकापर्यंतही आल्या नाहीत. भिंतीकडं तोंड करून बसल्या होत्या, पहिल्या दिवशीसारख्या. मी "येते आक्का" म्हटलं. "परत म्हण," म्हणाल्या. मी परत म्हटलं. "स्वच्छ हाय," म्हणाल्या. "जा."

तीन आठवड्यांनी पत्र आलं ते फोनवर, संध्याकाळच्या धारेच्या वेळी. मी गोठ्यातच होते, कोनाड्याजवळ, कारण त्या दिवसांत मी तिथंच राहायला गेल्यासारखी होते. नोकरी पक्की. पहिल्यांदा आबांना सांगितलं. ते धार काढत होते. "हं," म्हणाले, आणि म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला. मग आणखी एकदा फिरवला. मग म्हणाले, "वडगावच्यांस्नी मीच सांगतो. आनि आक्कास्नी लाव आदी."

मी लँडलाइन लावला. "नमस्कार, कोल्हापूर." मी एका दमात सगळं सांगितलं. पत्र आलं, नोकरी पक्की, बेंगळुरूला जायचं, आणि तुमचा आवाज ठेवणार का ते अजून ठरलेलं नाही, पण प्रश्न दोनदा विचारायचा हे ठरलंय.

पलीकडून काही नाही.

मी फोन कानाला दाबून धरला. पंखा होता. लांबवर एक रिक्षा गेली. सुपात तांदूळ हलले, थांबले. श्वास होता, जरासा अडखळत. मी विचारलं नाही. फोन कोनाड्यात ठेवला आणि डोकं भिंतीला टेकवून उभी राहिले. बादलीत धार पडत होती, आता मऊ.

"काय म्हणत्यात?" आबांनी विचारलं.

"काय न्हाईत."

"मग आसूं दे चालू."

कितीतरी वेळानं कोनाड्यातून आवाज आला, अगदी फोनवरचा, तरी किंचित पाणी लागलेला. "थ्री मिनिट्स ओव्हर."

मी फोनकडं बघितलं. अकरा मिनिटं वीस सेकंद झाले होते.

"वाढवा," मी म्हणाले.